अकोल्यातला सेंट बर्नार्ड

मे महिन्यातल्या एका दुपारी शेजारच्या वसंतकाकांकडे गेलो, तर ते न्हाणीघरात स्टुलावर बसून शेरूच्या पाठीवर मगाने पाणी ओतत होते. शेरू सेंट बर्नार्ड जातीचा, वासराएवढा कुत्रा. मुलाने हौसेने आणला आणि पुढे नोकरीसाठी परदेशी गेला. आता घरात हे दोघेच.

“डॉक्टर म्हणतात, थंड गावी पाठवा,” काका म्हणाले. “सगळीकडे विचारून झालं. म्हाताऱ्या कुत्र्याला कोण घेणार?”

“हा उन्हाळा काढेल का हो?”

“नाही वाटत.”

शेरूचे पूर्वज आल्प्सच्या बर्फात हरवलेली माणसं हुंगून शोधत. गारठलेल्या माणसाला बिलगून पडत, ऊब देत. ते दाट केस आणि तो मायाळू स्वभाव पिढ्यान्‌पिढ्या उतरत अकोल्यापर्यंत आला. बर्फ तेवढा मागे राहिला. हौसेपायी माणूस केवढ्या लांबचा जीव घरी आणतो, आणि मग त्याला परत नेऊन ठेवायला जागाच उरत नाही.

बादली रिकामी झाली. काकांनी भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले. धापा टाकणारा शेरू कसाबसा सरकला आणि त्यांच्या पायांवर अंग टाकून पडला. तेवढ्या उकाड्यातही काकांनी पाय काढून घेतले नाहीत.