दत्ताराम ड्रायव्हरची अ‍ॅम्बेसेडर

अंजनवेलच्या दत्ताराम ड्रायव्हरने जन्मात दोनच गोष्टींना जीव लावला, असं वाडीत म्हणतात. दुसरी कोणती, ते मात्र कुणालाच सांगता येत नाही. पहिली म्हणजे साहेबांची पांढरी अ‍ॅम्बेसेडर. सरकारी कचेरीत त्याने ती नोकरीभर चालवली आणि लिलावात निघाली तेव्हा घरीच घेऊन आला. मुलगा अमरदीप लहानपणी एकदा तिच्या बॉनेटवर चढला, तर त्याला फॅनबेल्टने असा फोडून काढला की मध्ये पडलेल्या त्याच्या बायकोला, मालनलाही दोन बसले. बाप कसला, कसाई! साहेबांना दार उघडून देताना मात्र हाच माणूस लोण्याहून मऊ व्हायचा.

पुढे बायको गेली. अमरदीप चिपळुणात गाड्यांची वायरिंगची कामं करू लागला आणि बापाकडे फिरकेनासा झाला. सणाला नाही, आजारपणाला नाही. रिकाम्या घरात म्हातारा भिंतींशी बोलायला लागला. शेवटी त्याने फोन केला, "गाडी बिघाडली रे. जरा बघून जा." आणि काय सांगू, रविवारी अमरदीप मोटरसायकलवरून दारात हजर!

गाडीची खरंच दैना झाली होती. डाव्या अंगाला ती बसली होती. डावीकडे वळवली की हॉर्न आपोआप बोंबलायचा, ब्रेक दाबला की वायपर अर्धवट उठून पडायचे. अमरदीपने आधी मागच्या डाव्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा खोलला. त्याचं एक पोलादी पान मोडलं होतं, सांध्यातल्या रबरी बुशांचा चुरा झाला होता. ते बदलल्यावर गाडी सरळ उभी राहिली. पुढच्या रविवारी त्याने वायरी हातात घेतल्या. हॉर्नची वायर स्टिअरिंगखाली सोलवटून लोखंडाला घासत होती. बाकी सगळा घोळ एकाच नटाचा. अर्थिंगची पट्टी चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बसते तिथे खाऱ्या वाऱ्याने गंज धरला होता. करंटला परतीची वाटच नाही, मग तो मिळेल त्या वायरीत घुसणार. गंज घासून नट आवळला, तशी वायपरांची थेरं थांबली.

दोन्ही वेळा बापलेक एकत्र जेवले. अमरदीपने मोबाइलवर नातीचा, सानवीचा, फोटो दाखवला. म्हातारा असा हरखला की शेजाऱ्यांदेखत म्हणाला, "गाडी आता तुझीच. काय हवा ता कर तिचा. फक्त येत जा."

पण बऱ्या झालेल्या गाडीला बघायला कोण येणार? शनिवारी संध्याकाळी दत्तारामने पाना घेतला, तोच नट सैल केला आणि फोन लावला, "परत वायपर नाचतायत रे." मुलगा आला, नट आवळला, जेवला, गेला. मग हे दर शनिवारचंच झालं. ज्या गाडीला पोराचं बोट लागू दिलं नाही, ती आता हा स्वतःच्या हाताने बिघडवायचा! खरं सांगायचं तर एवढा सुखात तो मालन असतानाही नव्हता.

अशाच एका रविवारी अमरदीपच्या मागोमाग टेम्पो आला. त्यातून भंगारवाल्याची दोन माणसं गॅसकटर घेऊन उतरली.

"ह्या काय?" दत्तारामने मुलाला विचारलं.

"बिघाड हटत नाही. कापून टाकतो."

"अरे, तिला काय झाला नाय! मीच नट सैल करतंय!" कुंपणाशी सगळी वाडी जमलेली. लाज गेली खड्ड्यात, म्हातारा ओरडलाच.

"माहीत आहे," अमरदीप शांतपणे म्हणाला. "तुम्ही नट सैल केलात त्या पहिल्याच खेपेला कळलं. नटावर दुसऱ्याच पान्याचे ताजे ओरखडे होते."

"मग येत कशाला ऱ्हायलास?"

"तुम्हाला सवय लागू दिली. दाराशी वाट बघत बसणं काय असतं, ते आता नीट कळेल. आणि गाडी माझी आहे, बाबा. तुम्हीच दिलीत."

कटर पेटला. दत्ताराम गाडीला आडवा गेला नाही. भंगारवाल्याच्या माणसांजवळ जाऊन त्याने हात जोडले आणि म्हणाला, "सावकाश कापा, बाबांनो. घाय नाय." कापून होईस्तोवर तरी पोरगा दारात उभा राहील, एवढंच त्याच्या मनात होतं. अमरदीपने मोटरसायकलला किक मारली आणि मागे न बघता तो निघून गेला.