चौदाव्या मजल्याची खिडकी

फ्रिजवरचा फोटो मॅग्नेटसकट खाली पडला आणि मला नदीकाठचा तो गार वारा आठवला. आई पहिल्यांदाच अमेरिकेत आली होती आणि मी तिला एकेका शहराची स्कायलाइन दाखवत सुटलो होतो. न्यूयॉर्क झालं, शिकागो झालं, टोरांटोही झालं. प्रत्येक ठिकाणी ती उंच इमारतींकडे जरा वेळ बघायची आणि विचारायची, "यात तुझं ऑफिस कुठलं?" "माझं ऑफिस डेट्रॉइटला आहे गं," म्हटलं की तिचा त्या शहरातला रसच संपायचा. टोरांटोहून परतताना कॅनडाच्या काठावर गाडी थांबवली. नदीपलीकडे डेट्रॉइट दिसत होतं, शिकागोपुढे अगदीच बुटकं. मी ओशाळून म्हणालो, "आमचं आपलं एवढंच." साडीवर माझं जाडजूड जॅकेट घातलेली आई कठड्याला टेकून माझ्या इमारतीचे मजले बोटाने मोजू लागली. "चौदावा ना रे?" "हो. आता इकडे बघ, फोटो काढतो." "थांब, मोजणी चुकेल." मग तिने लांबूनच त्या खिडकीवरून दोन्ही हात ओवाळले आणि कानशिलांवर बोटं कडाकड मोडली. मी नेमका तेव्हाच फोटो काढला, पाठमोरा. आज लेकीने तो उचलून विचारलं, "बाबा, डिड आजी हॅव अ हेडेक?" आई जाऊन चार वर्षं झाली, ते ऑफिसही सुटलं. मी लेकीच्या चेहऱ्यावरून हात ओवाळले आणि माझ्या कानशिलांवर बोटं मोडली. दहाच्या दहा वाजली.