अंगावरचा लाल रंग

मारुतीदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत लाल रंगाचा नमुना तपासत होतो. मागच्या मालाशी छटा जुळते का, एवढंच पाहायचं होतं. जुळत होती. सही केली आणि घरी निघालो.

भुकूमला ते माझे घरमालक आणि पिरंगुटजवळच्या कारखान्यात माझ्याच खात्यात वजनकाट्यावर. मी परभणीहून रसायनशास्त्र शिकून आलेला. ते इथलेच, जमीन विकून खोल्या बांधलेले. आमच्याकडे अॅझो रंग तयार होतात. सुती कापडाला, चामड्याला, कागदाला, शाईला लागणारे. दादा वीसेक वर्षं ती पूड पिंपात भरत होते. मास्क दिला की गळ्यात अडकवायचे. घाम लाल, थुंकी लाल, उशीचा अभ्रासुद्धा लाल. भाकरीवर बोटं उमटायची. "आमच्या देवाला कुंकू इकत आनावं लागत न्हाई, केमिस्टसाहेब," म्हणायचे. माणूस थट्टेखोर. मीही हसायचो.

गेल्या दिवाळीआधी त्यांनी मला जिन्यात गाठलं. इकडेतिकडे पाहत हळूच म्हणाले, "लगवीला लाल व्हतंय वो. दुखत-बिखत काय न्हाई."

मला कंपनीची बस गाठायची होती. म्हटलं, "रंगच असेल, दादा. दोन दिवस सुट्टी घ्या, भरपूर पाणी प्या."

"मंग बरं," म्हणाले आणि निर्धास्त झाले. दोन दिवसांनी खरंच थांबलं. आम्ही दोघांनीही विषय सोडून दिला.

काही अॅझो रंगांचा मूत्राशयाच्या कॅन्सरशी संबंध असतो, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. गुणही मिळाले होते. जिन्यात मात्र आठवलं नाही. पावसाळ्यात पुन्हा लाल झालं तेव्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. पुढचं सगळं नुसतं पाहत बसणं होतं...

आता दादांना जाऊन पाच आठवडे झाले. मी त्याच खोलीत राहतो. वहिनी अजूनही सकाळी चहा वर आणून देतात. परवा दारातच थांबल्या.

"कुनाला बोललंच न्हाईत वो ते. निदान तुमाला तरी सांगायचं हुतं. तुमी शिकल्यालं मानूस, तुमच्या लगीच ध्यानात आलं असतं."

मी मान हलवली आणि कप घेतला. लाज वाटली. वहिनी रविवारची पुरवणी शब्द न् शब्द वाचतात, हे मला ठाऊक आहे, म्हणून हे तिथेच छापायला दिलंय.

वहिनी, दादांनी मला सांगितलं होतं.