कीबोर्डाखालची अक्षता

बायकोचा लॅपटॉप मी बिघडवला. एवढंच वाक्य, पण साडेतीन महिने ते माझ्या तोंडातून निघालं नाही.

पांढरकवड्याला बाजाराच्या मागं माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या जळलेल्या पाणमोटारी येतात, त्यात मी नवी तार भरून देतो. बायको जवळच्या एका गावात शिक्षिका. शाळेला लागून कोलामांचा पोड, तीसेक घरांची वस्ती. तिथली एक म्हातारी कोलामीत गोष्टी सांगायची, मधेमधे गायची. त्या गोष्टी पूर्ण येणारी तीच एक उरली होती. सहा वर्षं दर रविवारी मी बायकोला मोटारसायकलवर तिथं नेलं. ती म्हातारीजवळ बसून मोबाइलवर तिचा आवाज रेकॉर्ड करून घ्यायची. मोबाइल भरला की सगळं लॅपटॉपमध्ये टाकून मोबाइल रिकामा करायची. "एक पेन ड्राइव्ह आणून द्या ना," असं मला तीनदा म्हणाली. मी तीनदा विसरलो.

त्या दसऱ्याला ती उमरखेडला माहेरी गेली होती. खंडेनवमीला मी पक्कड, हातोडी, टेस्टर, तार गुंडाळायचं मशीन असं सगळं घासूनपुसून पाटावर मांडलं. मग वाटलं, तिचंही हत्यार ठेवावं. आल्यावर सांगू, बरं वाटेल तिला. झाकण लावून कशी पूजा करायची, म्हणून उघडून ठेवला. हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि झेंडूचं फूल तांब्यात बुडवून सगळ्यांवर पाणी शिंपडलं. पकडीवर शिंपडतात तसंच त्याच्यावरही. सव्वीस वर्षं विजेवर पोट भरलेल्या माणसानं.

संध्याकाळी पाट उचलताना बटण दाबून पाहिलं. कंपनीचं चिन्ह आलं, खाली ठिपके गोल फिरले आणि पडदा काळा झाला. पुन्हा चिन्ह, पुन्हा ठिपके, पुन्हा काळा. ओल्या फडक्यानं कुंकू पुसलं आणि होता तिथं ठेवून दिला.

ती आली, तिनं लावून पाहिला. "काय झालं जी याले?"

"लाइनीचा झटका असन. व्होल्टेज वरखाली होऊन राह्यलं होतं."

"मी चार्जिंगले लावून गेलती काय?"

ती लावून गेली नव्हती. वायर मीच तिच्या कपाटात गुंडाळलेली पाहिली होती. "असन," मी म्हणालो.

"माह्यं डोस्कंच ठिकाण्यावर नसते," ती म्हणाली. "आता तुम्हीच पाहा. विजेचे डॉक्टर तुम्ही."

आमच्या धंद्यात जाम झालेल्या मोटारीला झटके देतात. चालू, बंद, चालू, बंद. पाचव्या-सहाव्या झटक्याला ती घरघरते आणि फिरायला लागते. मी लॅपटॉपला तेच केलं. दुकानात गिऱ्हाईक नसलं की बटण दाबायचो, ठिपके फिरेपर्यंत थांबायचो, मग दाबून धरून बंद करायचो. बारा दिवस. दिवसातून किती वेळा, ते मोजलं नाही. पहिल्यांदा नुसतेच ठिपके यायचे. पुढं आतून टिकटिक ऐकू यायला लागली. मला वाटलं, हलतंय काहीतरी, सुटेल.

शेवटी यवतमाळला एका मेकॅनिककडे नेला. माझ्याच वयाचा मुसलमान माणूस, डोळ्याला भिंग लावून बसलेला. त्यानं कीबोर्ड उचलला, चिमट्यानं काहीतरी काढलं आणि माझ्यापुढं कागदावर ठेवलं. कुंकवानं लाल झालेला तांदळाचा दाणा.

"मिस्त्री, याले जेवूखावू पण घालता का?"

मी हसलो नाही. तोही मग हसायचा थांबला. त्यानं डिस्क सुटी करून लावली आणि माझ्या कानाजवळ धरली. टिक, टिक, टिक.

"बोर्ड धुऊन देतो, तो चालून जाईल. डिस्क गेली. कितीदा चालू-बंद केला?"

"दोन-चारदा."

"दोन-चारदानं असं नाही होत, भाऊ. खरं सांगा."

"दोन-चारदाच."

त्यानं भिंग काढून ठेवलं. "पाणी पडलं त्याच दिवशी आणला असता, तर डिस्क साबूत निघाली असती. बोर्डच बिघडला होता फक्त. आत काही कामाचं होतं?"

"होतं."

त्यानं डिस्क नागपूरला पाठवून पाहिली. महिन्यानं ती तशीच परत आली. आतल्या चकत्यांवर ओरखडे आहेत, काही निघणार नाही, असं त्यांनी कळवलं होतं. नवीन डिस्क टाकली. आता लॅपटॉप झटकन सुरू होतो. आत काही नाही. दाण्याची पुडी मी दुकानात, स्क्रूच्या डब्यात ठेवली.

पौषात म्हातारी गेली. बायको पोडावर भेटून आली ती चप्पल न काढताच खुर्चीत बसली. "तिची सून म्हणे, मॅडम, एकडाव आवाज ऐकवा बुढीचा. मी काय सांगू तिले? मी वायर लावून गेली नसती, तं असता न आवाज."

तेव्हा मी उठलो. दुकान उघडून पुडी आणली, तिच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. पूजा, पाणी, 'असन', बारा दिवस, दोन-चारदा. तिनं पुडी उघडून दाणा पाहिला.

"पूजा केली त्याचं काई नाई," ती म्हणाली. "मी आली त्या दिवशी काहून नाई सांगतलं? दुसऱ्या दिवशी घेऊन गेलो असतो न आपण."

 

दुसऱ्या दिवसापासून ती आठवेल तसं वहीत लिहायला लागली. एका गोष्टीपाशी अडली. "मधात ती गायची, गोष्टीत नदी येते तिथं. तुम्ही बाजूलेच तं बसत होते, अंगणात, मोटारसायकलवर. सहा वर्षं. काई तं कानावर पडलं असन तुमच्या."

मी खूप आठवून पाहिलं. कडुनिंबाची सावली आठवली, कोंबड्या आठवल्या. कानात हेडफोन घालून मी मॅच पाहत असायचो.

"नाई," मी म्हणालो.

तिनं अर्धं पान कोरं सोडलं आणि पुढं लिहायला लागली.