जास्वंदीचं सरबत

आमच्या कालव्याकाठच्या गावात नबवियाएवढी भित्री आई दुसरी नव्हती. नवरा तरुणपणीच गेलेला, पदरात एकुलता एक मुलगा, शिर्बिनी. पोर बुडेल म्हणून ती त्याला पाण्याकडे फिरकू द्यायची नाही. बाकीची पोरं दिवसभर म्हशींबरोबर कालव्यात डुंबायची, आणि त्यांच्या लघवीला लाल यायला लागलं की बापांच्या मिशा वर चढायच्या. पोरींना न्हाण येतं, तशी पोरगा वयात आल्याची ही खूण! आम्ही सगळेच असं मानायचो, कपाळ आमचं.

शिर्बिनीला मिसरूड फुटायला आली तरी लाल काही दिसेना. शेजारीण फिक्रिया भट्टीत भाकरी सारता सारता म्हणाली, "अगं नबविया, बांगड्या भर आता त्याला. घरात पोरगीच वाढवतेयस की!"

हे तिला असं झोंबलं म्हणता! तशीच घरी आली, पोराचा सदरा ओढून काढला. "जा, पोह त्यांच्यात. सगळ्यांसारखा हो एकदाचा."

"यम्मा, मला भीती वाटते गं."

"जातोस की घालू पाठीत?"

काही महिन्यांनी लाल दिसलं. नबवियानं गावभर जास्वंदीचं लालभडक सरबत वाटलं. फिक्रियाला तर आग्रह करकरून पाजलं.

पुढे कधीतरी आरोग्य खात्याची माणसं आली. गोगलगायीतून बिल्हार्झियाचे किडे पाण्यात उतरतात, कातडीतून अंगात शिरतात, ते लाल म्हणजे रोग, असं त्यांनी सांगितलं. शिर्बिनीनं गोळ्या घेतल्या, पण मूत्राशयाचं व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. नबवियानं सरबत सोडलं. पोराशी त्यावर बोलायची मात्र छाती झाली नाही.

चाळिशीत त्याला मूत्राशयातच कॅन्सर निघाला. आज डॉक्टरला सगळं सांगून टाकायचंच, असं ठरवून ती त्याच्यासोबत शहरातल्या इस्पितळात गेली.

"लहानपणी कालव्यात पोहायचास?" डॉक्टरनं विचारलं.

"डॉक्टर, मीच त्याला..." नबविया बोलू लागली.

शिर्बिनीनं तिचा हात घट्ट दाबला. "पोहायचो तर! ही कोंडून ठेवायची, मी भिंतीवरून पळायचो. भारी द्वाड होतो."

"आईचं ऐकायचं होतंस," डॉक्टर म्हणाला. "हज्जा, रडू नका. तुम्ही जपलंत हो त्याला."

बाहेर बाकावर बसल्यावर तिनं विचारलं, "का रे खोटं बोललास? मला मेलीला बोलू द्यायचं होतंस."

"हळू बोल," तो म्हणाला. "आपल्या गावची माणसं बसलीत पलीकडे. उद्या माझं काही झालं, तर तुला त्यांच्यातच राहायचंय, यम्मा."