सासऱ्यांचं खारं पाणी

सासरे जहाजावर मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्या खाटेच्या पायथ्याशी खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मांडली, तेव्हा सून मनातून चरफडली. ती घरीच कपडे शिवायची आणि त्या खाऱ्या हवेने तिच्या कात्र्यांना गंज चढायचा. "सासूबाई गेल्या आणि ही काचेची सासू आली," असं ती नवऱ्याला म्हणायची. सासरे ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

आठवडेच्या आठवडे टाकीत नुसतं मीठ घातलेलं पाणी आणि समुद्रातले दगड होते. घाई केली तर मासे मरतात, म्हणून म्हातारा त्या रिकाम्या पाण्याकडेच बघत बसायचा. मग प्रवाळाचे तुकडे आले, नारिंगी माशांची जोडी आली, आणि शेवटी ॲनिमोन. तो दिसायला फूल, पण खरं तर दगडाला चिकटून राहणारा, मनात आलं की जागा बदलणारा प्राणी.

पुढे सासऱ्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. नवरा दिवसभर कारखान्यात, त्यामुळे दोन्ही सासुरवास सुनेच्या अंगावर पडले. आटलेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणी घालायचं, कारण वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेच राहतं; पाणी बदलताना मात्र खारंच घालायचं. हे ती चुकतमाकत शिकली. चुकलं की सासऱ्यांच्या भुवया वर जायच्या.

एका दुपारी नाटक कंपनीच्या बाई पोशाख न्यायला येऊन बसल्या होत्या आणि शेवटचा झगा अजून मशीनवर होता. तेवढ्यात आतून सासऱ्यांनी चमचा खाटेच्या दांडीवर आपटायला सुरुवात केली. तिने जाऊन पाणी पाजलं. परत मशीनवर बसते तोच पुन्हा चमचा. तिने उशी सारखी केली, लघवीचं भांडं दिलं, पंखा कमी केला. सासरे मान हलवत राहिले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"बाबा, आता पुरे," ती म्हणाली. "मी एकटी कुठे कुठे पुरी पडू?"

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण नजर तिच्यावर नव्हतीच. तिने मागे वळून पाहिलं. ॲनिमोन सरकत सरकत टाकीतलं पाणी ओढणाऱ्या पंपाच्या तोंडाशी गेला होता, अर्धा आत ओढला गेला होता, आणि पाणी दुधासारखं होत चाललं होतं.

तिने झटकन पंपाची पिन उपटली. ॲनिमोनचं विष सगळी टाकी मारू शकतं, हे सासऱ्यांनी स्वतः धडधाकट असताना तिला बजावलं होतं. मासे वर येऊन तोंडं उघडत होते. पाणी बदलण्यासाठी मीठ कालवून ठेवलेल्या पाण्याची बादली होती, पण ते पाणी गार पडलेलं. तिने टाकीतला हीटर काढून त्यात सोडला, बाहेर बसलेल्या बाईंना हाक मारून बादलीत हवेची नळी धरायला लावली आणि पाणी कोमट होताच जाळीने एक मासा त्यात टाकला. दुसरा दगडांमागे शिरला, काही केल्या हाती लागेना.

ॲनिमोन ओढला असता तर फाटला असता. तिने हतबल होऊन सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी डाव्या हाताचं बोट हवेत उलटं फिरवलं. तिने पंपाचं झाकण काढलं आणि आतलं पातं बोटाने उलटं, सावकाश फिरवलं. ॲनिमोन सुटला, चेंगरलेला, पण जिवंत.

दगडांमागचा मासा संध्याकाळी मेला. प्रवाळाची एक फांदी पांढरी पडली. नाटकाच्या बाई झगा न घेताच गेल्या, तो तिने रात्री पोचवला.

रात्री नवरा म्हणाला, "टाकी कुणाला तरी देऊन टाकू. बाबांनाच सांभाळताना तुझ्या नाकीनऊ येतात."

सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले.

"बाबांनी मला दुपारभर हाका मारल्या," ती म्हणाली, "आणि मी त्यांच्यावरच खेकसले. आता टाकी पण काढून घेऊ?"

दुसऱ्या दिवशी तिने पंपाच्या तोंडाला जाळी बसवली. ॲनिमोन पूर्वीइतका कधीच वाढला नाही, पण काही आठवड्यांनी उघडू लागला. उरलेल्या माशाच्या जोडीला दुसरा आणू का, असं तिने सासऱ्यांना विचारलं. त्यांनी मान नकारार्थी हलवली आणि डाव्या हाताचं बोट आधी एकट्या माशाकडे, मग स्वतःकडे केलं.