जागा एकच होती

प्राजक्ता गेली, त्याला दीड महिना झाला. परळच्या आमच्या लॅबच्या जिन्यात सरांनी मला थांबवून सांगितलं... परदेशात, बर्फाळ रस्त्यावर, गाडीच्या अपघातात. तेव्हा माझ्या मनात आलेला पहिला विचार लिहायलाही लाज वाटते. आता तिची जागा रिकामी झाली, असं मला वाटलं.

पीएचडी आम्ही शेजारशेजारच्या टेबलांवर केली. घराण्यात चालत येणारे हृदयविकार कुठल्या जनुकातल्या बिघाडाने होतात, ते संगणकावर शोधायचं आमचं काम. मी मान मोडून बसायचे. तिला वडापाव खाता खाता सुचायचं. हेवा म्हणणं सौम्य होईल, माझा जळफळाट व्हायचा. त्यात पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या, परदेशातल्या एकाच जागेसाठी आम्ही दोघींनी अर्ज केला. परीक्षा म्हणून दोघींना एका आजारी कुटुंबाची जनुकीय माहिती तपासायला दिली होती. निकाल पाठवायच्या दिवशी दुपारी तिचा फोन आला.

"ए, काल तुझ्या स्क्रीनवर बघितलं. तू जनुकांचा जुना नकाशा लावलायस तुलनेला. नव्या व्हर्जनमध्ये सगळ्या जागांचे नंबर सरकलेत गं. अजून दोन तास आहेत, परत रन कर ना पटकन!"

"तू तुझं बघ," मी म्हटलं.

ही मला घाबरवतेय, अशी माझी पक्की खात्री. कावीळ झालेल्याला सगळं पिवळंच दिसतं. मी आहे तोच निकाल पाठवला, भलत्याच जनुकावर बोट ठेवलं आणि ती जागा तिला मिळाली. पुढची तीन वर्षं तिच्या प्रत्येक फोटोला मी 'मस्त' लिहीत राहिले, आतून धुमसत. त्या फोनबद्दल ती कधी कुणाजवळ बोलली नाही. तिच्या त्या मोठेपणाचाही मला रागच यायचा.

गेल्या रविवारी लालबागला तिच्या घरी गेले. खिडकीशी तिच्या आईचं, मावशींचं, शिलाई मशीन आहे. त्याच्याच झाकणावर वह्या ठेवून प्राजक्ता शाळेपासून अभ्यास करायची. मावशींनी ते झाकण अजून उघडलेलं नाही. शेजारणींचे ब्लाउज तसेच पडलेत. मला त्यांनी तिच्या स्टुलावर बसवलं, पाठीवरून हात फिरवला आणि लेकीच्या आठवणीने मालवणीत म्हणाल्या,

"ती जागा तुका गावली असती, तर माझा चेडू आज हय असता गो."

मी त्या फोनचं सगळं सांगायला तोंड उघडलं... आणि "हो मावशी" एवढंच म्हणाले.